सही कुणाची? आईची!

मे महिना लागला की आपल्या नागपुरात दोन विषय निघतातच. एक ऊन आणि दुसरं लग्नं. पण घरात दहावी-बारावीतला मुलगा असेल तर तिसरा विषयही कानावर येतो. "या क्लबनं त्याला घेतलं, त्या क्लबनं याला सोडलं." पोरगं मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेलं असतं आणि आपल्याला वाटतं, हा बाजार कसला? तर मैत्रिणींनो, बाजार खेळाडूंचा असतो. युरोपात फुटबॉलचा मोसम साधारण मे महिन्यात संपतो आणि ऑगस्टमध्ये नवा सुरू होतो. मधल्या उन्हाळ्यात क्लब आपला संघ उसवतात आणि पुन्हा शिवतात. कुणाला विकायचं, कुणाला आणायचं, नवा प्रशिक्षक कोणते डाव टाकणार, हे सगळं याच दिवसांत ठरतं.

आता या बाजारात मुलीही आल्या आहेत बरं का! जुलै २०२५ मध्ये ऑलिव्हिया स्मिथ नावाच्या कॅनडाच्या मुलीला लंडनच्या आर्सेनल क्लबने लिव्हरपूलकडून घेतलं, ते दहा लाख पौंड मोजून. म्हणजे आपले अकरा कोटींहून जास्त रुपये! मुलीचं वय अवघं वीस. आणि गंमत अशी, की याच इंग्लंडमध्ये १९२१ साली फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी घातली होती. हा खेळ बायकांच्या प्रकृतीला मानवत नाही, असं तेव्हाच्या पुरुषांचं म्हणणं. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली.

हे झालं साता समुद्रापलीकडचं. पण आपल्या गावातही दर उन्हाळ्यात मुलींचे संघ बांधले जातात. इथेही नव्या खेळाडू येतात, जुन्या जातात. फक्त पैशाची बोली लागत नाही. सही लागते ती घरच्यांची, आणि खरं सांगायचं तर आईची. ती मिळाली तर संघ उभा राहतो. नाही मिळाली तर प्रशिक्षकाच्या वहीतले सगळे डाव वहीतच राहतात.

फुटक्या बादलीची गोष्ट

नागपूरला फुटबॉल नवा नाही. शेजारच्या कामठीत १८२१ मध्ये इंग्रजांची छावणी वसली. तिथल्या गल्ल्यांत आजही क्रिकेटइतकाच फुटबॉल दिसतो. कामठीच्या रब्बानी क्लबचं नाव विदर्भात कुठल्याही जुन्या खेळाडूला विचारा, तो पाच मिनिटं तरी बोलेलच. पण गरीब वस्तीतल्या पोरांचा, आणि पुढे पोरींचा, फुटबॉल म्हटलं की नाव येतं ते विजय बारसे सरांचं.

बारसे सर हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. पावसाळ्यातल्या एका दिवशी ते पावसापासून आडोसा घेऊन उभे असताना झोपडपट्टीतली काही पोरं एक फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली. सरांनी त्यांना चेंडू दिला. पोरं त्यात रमली तशी सरांच्या डोक्यात कल्पना आली, आणि २००१ मध्ये त्यांनी फक्त झोपडपट्टीतल्या खेळाडूंची स्पर्धा भरवली. १२८ संघ आले! कुणी अनवाणी, कुणी फाटक्या चपलेत. 'झोपडपट्टी फुटबॉल' हे नाव तिथून पडलं. पुढे तीच संस्था 'स्लम सॉकर' म्हणून जगभर ओळखली गेली. २०१४ मध्ये आमीर खानच्या 'सत्यमेव जयते'मध्ये ती घराघरात दिसली, २०१६ मध्ये जागतिक फुटबॉल संघटनेने, म्हणजे फिफाने, तिला आपला डायव्हर्सिटी पुरस्कार दिला, आणि २०२२ मध्ये नागराज मंजुळेंचा 'झुंड' आला. त्यात अमिताभ बच्चन सरांच्या भूमिकेत होते आणि सोबत आपली नागपूरची खरीखुरी पोट्टी होती.

'झुंड' पाहिला असेल तर त्यातली रिंकू राजगुरू आठवा. आदिवासी पाड्यावरची मुलगी. खेळ अंगात आहे, संघात नाव आलंय, पण पासपोर्टसाठी लागणारा एक कागद नाही. त्या कागदासाठी तिचा बाप तिला घेऊन दारोदार फिरतो. पाहताना डोळ्यांत पाणी येतं, कारण आपल्यापैकी कित्येकींनी जातीच्या दाखल्यासाठी, रेशन कार्डासाठी अशाच चकरा मारलेल्या असतात.

दरवर्षी अख्खा संघ नवा

या संस्थेचे खेळाडू ज्या मोठ्या स्पर्धेला जातात तिचं नाव 'होमलेस वर्ल्ड कप', म्हणजे बेघरांचा विश्वचषक. २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ती पहिल्यांदा झाली. नागपूरच्याच अखिलेश पॉलने २०१० मध्ये ब्राझीलच्या रिओ शहरात भारतीय संघाचं नेतृत्व केलं. भारताच्या मुलींचाही संघ या स्पर्धेत खेळला आहे. २०२३ मध्ये ही स्पर्धा अमेरिकेत, २०२४ मध्ये दक्षिण कोरियात आणि २०२५ मध्ये नॉर्वेत झाली.

या स्पर्धेचा एक नियम फार वेगळा आहे. खेळाडू किमान सोळा वर्षांचा हवा आणि आयुष्यात एकदाच त्याला तिथे खेळता येतं. एकदाच! कितीही गोल करा, पुढच्या वर्षी तुम्हाला जागा नाही. ती जागा दुसऱ्या कुणाची तरी. कारण स्पर्धेचा हेतूच जास्तीत जास्त लोकांना ही संधी मिळावी हा आहे.

आता विचार करा, प्रशिक्षकाची काय तारांबळ होत असेल! मोठे क्लब दहा जुने खेळाडू ठेवून दोन नवे आणतात. इथे आठच्या आठ नवे. देशभरातल्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा भरवायची, त्यातून चांगले हेरायचे, त्यांचं शिबिर घ्यायचं, आणि एकमेकांची भाषाही न समजणाऱ्या मुलींना काही दिवसांत एका सुरात आणायचं. मोठ्या कुटुंबात एकदम आठ सुना आल्या तर सासूची जी अवस्था होईल तीच समजा!

म्हणूनच अशा संघांना दर उन्हाळ्यात नव्या मुलींची गरज असते. आणि नेमकी तिथेच माशी शिंकते.

मे महिन्यातली गळती

मुलगा मैदानावर आला नाही तर तो बहुधा पिक्चरला गेलेला असतो. मुलगी आली नाही, की प्रशिक्षकाच्या पोटात गोळा येतो. दहावीचा निकाल लागला, "आता बस झालं खेळणं." मामाच्या घरी लग्नाला गेली, ती पाहुण्यांना दाखवूनच परत आली. आई शेतावर किंवा धुण्याभांड्याला जाते, धाकटा भाऊ सांभाळायला कुणी नाही. मैदान घरापासून लांब आहे, सायकल भावाकडे आहे. यातलं एकही कारण खोटं नसतं. म्हणूनच ते खोडून काढणं अवघड असतं.

मग प्रशिक्षक किंवा मॅडम घरी जातात. संवाद साधारण सगळीकडे सारखाच असतो.

"सर, पोट्टी आता मोठी झाली. हाफ पँट घालून पळन, तं लोकं काय म्हनतीन?"

"काकू, लेगिंग घालून खेळू द्या. आमची ना नाही."

"अन् पडली-झडली, पाय मोडला तं? लग्न कसं जमन?"

"काकू, पडते तर विहिरीवरही. जिम्मेदारी माझी. सकाळी साडेपाचला मीच सगळ्या मुलींना गोळा करून नेतो, आठच्या आत घरी."

"मंग पाणी कोन भरन?"

इथे सर गप्प होतात. कारण पाण्याला उत्तर नसतं. घरातला मुलगा भरू शकतो, पण हे पाहुण्याने सांगायचं नसतं. हे आईनेच सांगायचं असतं.

मैत्रिणींनो, खरी बोलणी ती हीच. लंडनमध्ये दलाल आणि वकील बसून कराराची कलमं ठरवतात, इथे ओट्यावर चहाच्या कपाशी ठरतात. कपडे कोणते, वेळ कोणती, सोबत कोण, घरचं काम कोण करणार. चार कलमं. ती जिथे नीट ठरतात तिथली मुलगी टिकते. "बघू, येईल जमेल तशी" म्हटलं की समजावं, ही पावसाळ्यापर्यंत गेली.

चुलीचे तीन दगड

आता थोडं डावपेचांबद्दल. मुलगी घरी येऊन सांगते तेव्हा आपल्याला कळायला हवं ना!

बेघरांच्या विश्वचषकात अकरा-अकरांचा संघ नसतो. मैदानात चौघीच. एक गोलरक्षक आणि तिघी पुढे. चौघी बाहेर बसलेल्या, आणि त्यांना केव्हाही आत-बाहेर करता येतं. मैदान बावीस मीटर लांब आणि सोळा मीटर रुंद, म्हणजे एखाद्या मंगल कार्यालयाच्या हॉलएवढं. सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत निकाल लागतो! बरोबरी झाली तर पेनल्टीवर फैसला. त्यात जिंकणाऱ्याला दोन गुण, हरणाऱ्यालाही एक.

इतक्या लहान जागेत एकटीने चेंडू घेऊन पळत सुटलं तर चार पावलांत अडवणूक होते. म्हणून पहिला धडा त्रिकोणाचा. तिघींनी चुलीच्या तीन दगडांसारखं उभं राहायचं. एक दगड सरकला की भांडं कलंडतं, म्हणून एक पुढे गेली की दुसरीने तिची जागा धरायची. चेंडू जिच्याकडे आहे तिला कायम दोन वाटा दिसल्या पाहिजेत. दुसरा धडा कॅरमचा. मैदानाभोवती फळ्या असतात. समोर वाट नसेल तर चेंडू फळीवर मारायचा आणि परत येईल तिथे मैत्रिणीने पोचायचं. रिबाउंड हो, आपण उन्हाळ्याच्या सुट्टीत खेळायचो तसाच! तिसरा धडा दमाचा. दोन-दोन मिनिटं जीव तोडून पळायचं आणि बाहेर येऊन दुसरीला आत पाठवायचं. बाहेर बसणं म्हणजे शिक्षा हे मुलींच्या मनातून काढावं लागतं. आठही जणी ताज्या राहिल्या तरच शेवटच्या दोन मिनिटांत संघ जिंकतो.

अकरांच्या फुटबॉलमध्येही मूळ हेच. मैदान मोठं, म्हणून त्रिकोण जास्त. चेंडू आपल्याकडे नसताना कुठे उभं राहायचं, हे ज्या मुलीला कळतं तिच्यावर चांगल्या प्रशिक्षकाची नजर आधी जाते. गोल करणारी सगळ्यांना दिसते, जागा धरणारी फक्त जाणत्याला. घरातही असंच असतं, नाही का?

आणि नवी मुलगी हेरायची कुठून? आपल्या शाळांतून खो-खो आणि कबड्डी अजून जिवंत आहे. खो-खोत हुलकावणी देणारी मुलगी फुटबॉलमध्ये उत्तम बगल देते, कबड्डीत दम धरणारी चेंडू हिसकावायला घाबरत नाही. तुमची मुलगी यांपैकी काही खेळत असेल, तर तिची अर्धी तयारी झालेलीच आहे.

अंगात रक्त हवं

डाव कितीही चांगला असो, पळायला अंगात रक्त हवं. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे आठ जणींच्या संघात चार-पाच जणी! अशी मुलगी दहा मिनिटांत धापा टाकते आणि आपण म्हणतो, "हिच्यात दमच नाही." तो आळस नसतो, हिमोग्लोबिन कमी असतं. सरकारी दवाखान्यात तपासणी होते, लोहाच्या गोळ्या मिळतात. मोसम सुरू होण्याआधी हे एक काम कराच. घरात अंबाडीची भाजी, तीळ, गूळ-शेंगदाणे, मोड आलेली मटकी असतेच. त्यावर लिंबू पिळा, आणि जेवणावर लगेच चहा देऊ नका. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

दुसरं, पाळी. चार दिवस मैदान बंद ठेवण्याची गरज नाही. फार दुखत असेल, रक्तस्राव जास्त असेल तर विश्रांती द्यावी आणि डॉक्टरांना दाखवावं. एरवी मुलगी खेळू शकते. मात्र मैदानाजवळ स्वच्छतागृह हवं आणि तिथे पाणी हवं. पुष्कळ मुलींचं खेळणं या एका गोष्टीपायी सुटतं आणि घरी सांगताना त्या भलतंच कारण सांगतात.

तिसरं, गुडघे. फुटबॉल खेळताना गुडघ्याच्या आतला बंध तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा मुलींत जास्त आहे. घाबरू नका, त्यावर उपाय आहे. खेळण्याआधी वीस मिनिटं पद्धतशीर सराव करून अंग गरम करणं, तोल सांभाळून एका पायावर उभं राहणं, उडी मारून गुडघे नीट वाकवून उतरणं. फिफाने खास यासाठी व्यायामाचा क्रम तयार केला आहे आणि तो नियमित केला की दुखापती कमी होतात. "येताच चेंडू दे" म्हणणारा प्रशिक्षक असेल तर त्याला हे विचारायला लाजू नका.

आणि आपलं ऊन! पंचेचाळीस अंशांत सराव पहाटे किंवा दिवस कलल्यावरच. माठातलं पाणी, कैरीचं पन्हं, मीठ-साखर-लिंबाचं सरबत सोबत द्या. चक्कर, मळमळ, डोकं दुखणं जाणवलं की खेळ तिथेच थांबला पाहिजे.

पुढे काय?

हा प्रश्न आई विचारणारच, आणि तिने विचारावाच. प्रामाणिक उत्तर असं, की बहुतेक मुली मोठ्या खेळाडू होणार नाहीत. पण वाट आता पूर्वीसारखी बंद नाही. मणिपूर पोलिसांत असलेल्या बाला देवीला जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबने करारबद्ध केलं. परदेशी क्लबशी व्यावसायिक करार करणारी ती पहिली भारतीय मुलगी म्हणून गाजली. पंजाबच्या होशियारपूरकडची मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोन क्लबकडे गेली आणि युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये उतरलेली पहिली भारतीय ठरली. जुलै २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरी २-१ असं हरवलं आणि पात्रता फेरी जिंकून आशियाई चषकाचं तिकीट मिळवलं. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरचे.

देशात २०१६-१७ पासून महिलांची राष्ट्रीय लीग आहे. आपल्या कोल्हापूरचा संघही तिच्यात खेळून आला आहे. २०२३ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने ठरवलं, की या लीगमधल्या क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला कमीत कमी ३ लाख २० हजार रुपयांचा करार करावा. अकरा कोटींपुढे ही रक्कम चिमुकली आहे. पण आपल्या पायांवर कमावलेला पगार आहे तो. शिवाय आपल्या राज्यात दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात आणि शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी प्रमाणपत्र कोणत्या स्पर्धेचं लागतं ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधीच विचारून घ्या. गल्लीतल्या स्पर्धेचा चषक शोकेसमध्ये शोभतो, नोकरीला उपयोगी पडत नाही.

सही करण्याआधी

* सरावाला मुलींसोबत एखादी बाई, मॅडम किंवा पालक हजर असते का ते स्वतः जाऊन पाहा.
* बाहेरगावी स्पर्धा असेल तर राहण्याची सोय, सोबत जाणाऱ्या बाईंचं नाव आणि फोन नंबर लिहून घ्या.
* जन्मदाखला आणि आधार कार्ड यांवर नाव आणि तारीख एकसारखी आहे का ते बघा. महासंघाकडे खेळाडूची नोंदणी करताना हेच अडतं. नाव दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून उन्हाळ्यातच करा.
* क्लब बदलायचा असेल तर आधीच्या क्लबची नोंद नियमाने मोकळी करून घ्या. कोऱ्या कागदावर कुणालाही सही देऊ नका.
* जोडे मापाचे घ्या. "पुढच्या वर्षीही येतील" म्हणून मोठे घेतले तर पाय मुरगळतो.
* अभ्यासाची वेळ आणि घरकामाची वाटणी आधी ठरवा, भावालाही त्यात धरा.
* मुलगी एकाएकी मैदानावर जायला नाही म्हणू लागली तर रागावू नका, जवळ बसवून कारण विचारा.

एवढं पाहिलं की मग मात्र मन मोठं करा. तिला दोन वर्षं तरी खेळू द्या. अठराच्या आत लग्न करायला कायद्याने बंदीच आहे, तेव्हा ती दोन वर्षं कुणाची उसनी घ्यायची नाहीत, ती तिचीच आहेत. या वर्षांत ती हरायला शिकेल, हरल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा उठायला शिकेल, दुसरीच्या गोलवर टाळी द्यायला शिकेल. पुढे ती कुणाच्याही घरी गेली, कुठल्याही नोकरीत गेली, तरी हे तिच्याकडून कुणी काढून घेणार नाही.

मृगाचा पाऊस पडला की मैदानं ओली होतील आणि नवा मोसम सुरू होईल. प्रशिक्षकाच्या वहीत आठ नावं लिहिलेली असतील, काहींपुढे बरोबरची खूण, काहींपुढे प्रश्नचिन्ह. तुमच्या लेकीच्या नावापुढचं प्रश्नचिन्ह तुम्हीच पुसू शकता. बाकी पाणी भरायचं काय, ते आज संध्याकाळीच मुलाला सांगून टाका.